‘पाळक हवेत कशाला?’ या पोस्टला उत्तर

पाळकाची लेक
परवापासून एक पोस्ट फिरते आहे. म्हणणं असं की पाळक (चर्चचे पाद्री) रविवारी दीड तास दिसतात, बाकीचा आठवडा चर्च मंडळीतले स्वयंसेवक ओढतात. तेव्हा पगार, क्वार्टर, लाइट बिल सगळं बंद करा. उपासना मंडळीतल्या शिकल्यासवरल्या लोकांनी आळीपाळीने घ्यावी आणि प्रभुभोजनापुरता (भाकर-द्राक्षारसाच्या विधीपुरता) एखादा निवृत्त रेव्हरंड गाठावा. खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसले, आता लिहिते.

मी पाळकाच्या घरात वाढले, एकांगी आहे असं धरूनच वाचा. मध्यरात्री बेल वाजली की आई आधी थर्मास भरायची, कारण पप्पा कुठे जाणार हे माहीत नसलं तरी परतायला सकाळ होणार हे माहीत असायचं. एका तरुण मुलाने जीव दिला तेव्हा पंचनामा होऊन मृतदेह मिळेपर्यंत त्याच्या बापाशेजारी पप्पा बसून होते. कमिटीतले लोक आले ते दफनविधीच्या वेळी, इस्त्रीच्या शर्टात. दीड तासाचा हिशेब करणाऱ्यांनी हा तासही मांडावा.

शिवाय लग्नं कोण लावणार? 1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा वाचा. चर्चची दीक्षा मिळालेला माणूस हवा, नाहीतर सरकारी परवाना असलेला. सकाळी 6 ते संध्याकाळी 7 ही वेळसुद्धा कायद्यात लिहिली आहे. ‘शिकल्यासवरल्या’ काकांनी हौसेने लावलेलं लग्न उद्या कोर्टात टिकायला हवं ना?

स्वयंसेवकांचं काम मी नाकारत नाही. वेदीच्या कापडावर पडलेलं मेण वर्तमानपत्र ठेवून इस्त्रीने कसं काढायचं हे मी मंडळीतल्या एका मावशींकडून शिकले. त्यांनी कधी व्यासपीठ मागितलं नाही. मागतात ते वेगळेच. आमची बदली झाली की नवं गाव, नवी शाळा. पण कुठल्याही गावी जा, खजिनदार तोच, सेक्रेटरी तोच, वेस्ट्रीची (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीची) चावी त्याच घरात. सेवा म्हणून सुरू झालेलं पद दहा वर्षांत वतन होतं. पाळकाला निदान बिशप हलवू शकतो. तुम्हाला कोण हलवणार?

जमाखर्च
ती पोस्ट माझी. नाव न घेता टोमणे मारलेत तरी समजलं.

चावी माझ्या घरी आहे, कारण रविवारी पहाटे दार उघडायला दुसरं कोणी येत नाही. या, घेऊन जा. पावसाळ्यात छप्पर गळतं तेव्हा पाळकसाहेब म्हणतात, “कमिटीने बघावं.” कमिटी म्हणजे मी आणि एक प्लंबर, तोही हिंदू, बिचारा निम्म्या पैशात करतो. वर्गणी गोळा करायची, डायसिसची असेसमेंट (बिशपच्या कार्यालयाला द्यायचा वाटा) भरायची, ऑडिटरच्या पायऱ्या झिजवायच्या आणि वर ‘वतनदार’ ऐकायचं. आमच्या एका पाळकसाहेबांनी तर बदली होताना क्वार्टरचा गिझर काढून नेला. मंडळीच्या पैशाचा गिझर!

तुमचे वडील रात्री जात असतील, आदर आहे. सगळे जातात का? आमच्याकडे फोन उचलत नाहीत.

शेवगावचा सलाम
सर्वांना सलाम. पुणे-मुंबईकरांनो, भांडा तुम्ही. आमच्याकडं एका पाळकाला इतक्या वाड्यावस्त्या, की त्यांची पाळी येईपर्यंत सण उलटून जातो. उपासना घेतं कोण? पूर्वी मिशनच्या शाळेचे मास्तर घ्यायचे. आठवडाभर पाढे, रविवारी उपदेश. मास्तर गेले तशी रीत मोडली. आता माझा चुलता घेतो. एस.टी.तून रिटायर झालाय.

आमची मंडळी अमेरिकन मिशनची. आमच्यात मंडळी बसून ठरवायची आणि पाळक ऐकायचा. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चेस एक झाली, सी.एन.आय. म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि तुमचे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या वळणाचे) बिशप आमच्या डोक्यावर आले. तवापासून बदलीचा कागद वरनं येतो. जमाखर्च काकांची निम्मी पोस्ट मला पटली. गिझरचं मात्र काय कळलं नाही, आमच्याकडं चुलीवर पाणी तापतं.

पाळकाची लेक
सलाम दादा, तुमच्या चुलत्यांना मी कुठे नावं ठेवली? ते पाळक नाही म्हणून करतात. काका पाळक नको म्हणून करायला निघालेत.

लेस्टरची वहिनी
मी चर्च ऑफ इंग्लंडच्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) वॉर्डन, म्हणजे निवडून आलेली कारभारी आहे, म्हणून चार शब्द. आमचे व्हिकर (पाळक) निवृत्त झाले, जागा रिकामी आहे. या काळात रविवारी कोण येणार हे एरिया डीनला (भागातल्या पाळकांच्या प्रमुखाला) फोन करकरून आम्ही दोघी वॉर्डन ठरवतो. आमच्याकडे एक ले रीडर (दीक्षा न घेतलेल्या, परवाना असलेल्या उपदेशक) आहेत. त्या प्रार्थना घेतात, उपदेश करतात, पण भाकर-द्राक्षारसावर प्रार्थना म्हणत नाहीत. सिडनीच्या अँग्लिकन सिनडने (चर्चच्या प्रतिनिधी सभेने) 1999 मध्ये तीही परवानगी सामान्य सभासदांना द्यायचा ठराव केला होता, आर्चबिशपने संमती दिली नाही.

वतनाबद्दल: इथे वॉर्डन दरवर्षी निवडतात, 31 मेच्या आत. सलग सहा वर्षांनंतर थांबावं लागतं, सभेने वेगळा ठराव केला तरच पुढे. आणि मत द्यायला चर्चला येणारा असावाच लागतो असं नाही, पॅरिशच्या हद्दीतल्या मतदारयादीत नाव पुरतं. एका वर्षी माझ्या गुजराती शेजारणीने मला मत दिलं, वर विचारलं, “पगार किती?”

पण इकडे स्वर्ग आहे असं समजू नका. एक जुनं बाक हलवायचं तर फॅकल्टी नावाची परवानगी काढावी लागते. तेवढ्या वेळात शेवगावला नवं चर्च उभं राहील.

आणखी एक, जरा कडू. नोव्हेंबर 2024 मध्ये आर्चबिशप वेल्बींनी राजीनामा जाहीर केला तो जॉन स्माइथ प्रकरणात. मुलांचा छळ करणारा हा माणूस दीक्षित पाळक नव्हता. बॅरिस्टर, ख्रिस्ती शिबिरांचा कर्ताधर्ता, लोकांच्या लेखी आदर्श सेवक. आता इथे संडे स्कूलला शिकवायचं तरी आधी पोलिस रेकॉर्ड तपासतात. ‘आपलाच माणूस आहे’ यावर काही चालत नाही. तुमच्याकडे कोण तपासतं?

जमाखर्च
आमच्याकडे संडे स्कूलला टीचर मिळाली तरी आम्ही हालेलुया म्हणतो. तपासता काय!

पाळकाची लेक
काका, हे लिहून पाठवायच्या आधी एकदा वाचलंत का?

मागच्या बाकावरची
इतकी चर्चा झाली, स्वयंसेवक म्हणजे खजिनदार आणि उपदेशक एवढंच निघालं. उपासनेनंतरचा चहा कोण करतं? महिला मंडळ. वार्षिक सभेत आमचं नाव कशाखाली येतं? ‘इतर’. सणाला दोन मोठी पातेली, तेही एकीच्या घरून आणायचं. कमिटीतले सगळे पुरुष कप घेऊन झाडाखाली उभे राहतात, रिकामा कप पायरीवर ठेवतात. पायरीवर! बेसिन पाच पावलांवर आहे.

सात उद्गार
ताई, पायरीवर मीच ठेवतो, माफ करा. पण चहा फार पाणचट असतो.

मागच्या बाकावरची
मग स्वतः करा. गुड फ्रायडेला ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर बोलतात, त्यातला एक तरी आपल्याला मिळावा म्हणून लेंट (त्याआधीचे उपवासाचे दिवस) सुरू व्हायच्या आधीपासून पाळकांच्या मागे फिरता, एक रविवार पातेल्यामागे उभे राहा. ‘मला तहान लागली आहे’ हाच उद्गार घ्या म्हणजे जमेल.

जुन्या पेठेतला
हसून मेलो. चहावरून आठवलं: 1890 साली पाचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झालं, मग चहा-बिस्किटं आली. कोण कोण होते त्यांची नावं छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, टिळक-रानडे यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. पुण्यात चहा ही साधी गोष्ट कधीच नव्हती.

मागच्या बाकावरची
आणि ते कप कोणी विसळले, हे एका तरी इतिहासकाराला विचारावंसं वाटलं का?

जमाखर्च
चहाचा खर्च मी दर महिन्याला पास करतो. दूध महाग झालंय. कागदी कप आणा म्हटलं तर महिला मंडळाला काचेचेच हवेत.

मागच्या बाकावरची
पास करता? पैसे आम्ही केक विकून आणतो, तुम्ही फक्त सही करता! कागदी कप नको म्हणालो, कारण ते सुद्धा पायरीवरच राहतात आणि मग कुत्री ओढतात. कमिटीत दोन बायका घ्या म्हणून पत्र दिलं होतं. उत्तर आलं नाही. ते पाळकांनी दाबलं की तुम्ही, तेवढं सांगा.

शेवगावचा सलाम
आता आली का पंचाईत!

पाळकाची लेक
ताई, पाळकांनीही दाबलं असेल, मी त्यांची बाजू घेत नाही. माझ्या आईला आयुष्यभर ‘पाळकीणबाई’ म्हणून महिला मंडळाचं अध्यक्षपद चिकटवलेलं होतं. पगार एकाचा, राबणारी दोन माणसं. बदली झाली की तिचं पद गेलं, कोणी साधं विचारलं नाही. पाळकांचा खर्च मोजताना ही फुकटची बाई कोणाच्याच वहीत येत नाही.

जमाखर्च
हे मात्र खरं आहे. आमच्या आधीच्या पाळकीणबाई होत्या म्हणून कॉयर टिकला, कॅरलची फेरी निघाली. साहेब तसे यथातथाच होते. पण याने माझा मुद्दा खोटा ठरत नाही. उलट पगार त्यांनाच द्यायला हवा होता.

सात उद्गार
काका, म्हणजे पाळक हवेत?

जमाखर्च
पाळकीणबाई हव्यात, असं म्हणालो. शब्द माझ्या तोंडात घालू नका.

लेस्टरची वहिनी
मग बायकांनाच दीक्षा द्या. इथे 1994 पासून देतात. आकाश कोसळलं नाही, पायऱ्यांवरचे कप मात्र कमी झाले.

जमाखर्च
तो वेगळा धागा काढा. पत्राचं सांगतो: ते फाइलला आहे, दाबलेलं नाही. पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर घेतो, ‘आयत्या वेळचे विषय’ यात.

मागच्या बाकावरची
आयत्या वेळी नाही, पहिला विषय. नाहीतर त्या दिवशी चहा नाही.