शब्दचर्चा: मंडळीची ‘वाढ’ म्हणायचं, ‘उन्नती’ म्हणायचं की ‘भर’?

रास्तापेठकर:
नमस्कार. आमच्या चर्चच्या स्मरणिकेसाठी लेख लिहायला घेतलाय, विषय असा की एखादं चर्च आत्मिकदृष्ट्याही वाढतं आणि माणसांनीही वाढतं ते नेमकं कशामुळे. कमिटीने शीर्षक दिलंय ‘मंडळीची आध्यात्मिक प्रगती व सदस्यवृद्धी’. मला ते वाचून पतपेढीच्या वार्षिक अहवालासारखं वाटतं. आपल्याकडे वाढ, वृद्धी, उन्नती, भर, जागृती, संजीवन एवढे शब्द आहेत, त्यातला कुठला कुठे बसतो ते जाणकारांनी सांगावं. आणि नुसतं कोशातल्या अर्थापुरतं नको, कारण शब्द चुकला की लेख भलत्याच वाटेला लागतो असं मला वाटायला लागलंय.

शब्दवेडा सदाशिव:
मी ख्रिस्ती नाही, पण प्रश्न आवडला म्हणून दोन शंका विचारतो. एक, चर्चला ‘मंडळी’ का म्हणतात? आमच्या कानाला मंडळी म्हणजे घरची मंडळी, वऱ्हाडी मंडळी, भजनी मंडळी, जुन्या लोकांत तर बायकोला ‘आमची मंडळी’ म्हणायचे. दुसरी शंका, तुम्ही लोक ‘आत्मिक’ म्हणता आणि कमिटीने ‘आध्यात्मिक’ लिहिलंय, यात फरक आहे का नुसती सवय?

पिंपरीचे काका:
सदाशिवराव, चांगलं विचारलंत. मी मूळचा नगरचा, तिकडे लहानपणापासून मंडळी हा शब्द माणसांसाठीच ऐकलाय, इमारतीला आम्ही देऊळ किंवा चर्च म्हणायचो. ग्रीकमधला मूळ शब्द एक्लेसिया, म्हणजे बोलावून जमलेले लोक, तो धर्माचा शब्दच नव्हता, शहरातल्या नागरिकांच्या सभेलाही तोच शब्द. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात इफिसच्या नाट्यगृहात जो गोंधळी जमाव जमतो त्यालाही ग्रीकमध्ये एक्लेसियाच म्हटलंय. त्यामुळे तुमची वऱ्हाडी मंडळी आणि आमची मंडळी फार लांबची नाहीत. फक्त आमच्याकडे व्याकरण बदलतं, ‘मंडळी आले’ असं नाही, ‘मंडळी वाढली’ असं स्त्रीलिंगी एकवचन, म्हणजे सगळे मिळून एक.

आता आत्मिक. आमच्याकडे हा शब्द ‘पवित्र आत्मा’ याच्याशी बांधलेला आहे, म्हणून आत्मिक वाढ म्हणजे पवित्र आत्म्याने घडवलेली वाढ. ‘आध्यात्मिक’ चुकीचा नाही, पण मराठी माणसाने तो ऐकला की डोळ्यासमोर एकटा साधक येतो, त्याची साधना, त्याची प्रगती. प्रेषित पौल मंडळ्यांना पाठवलेल्या पत्रांत ज्याबद्दल लिहितो ते एकट्याला जमणारच नाही असं काम आहे. ज्ञानाने माणूस फुगतो आणि प्रीतीने उन्नती होते असं तो करिंथच्या मंडळीला लिहितो, तिथला ग्रीक शब्द घर बांधण्याचा आहे. म्हणून लेखात ‘उन्नती’ ठेवा, पण ती एकमेकांची उन्नती आहे हे त्याच वाक्यात येऊ द्या, नाहीतर वाचणाऱ्याला पगाराची उन्नती वाटेल.

वसईचा:
कॅथलिक बाजूने थोडं. वसईत आम्ही ख्रिस्तसभा म्हणतो, पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या लोकांना, धर्मग्राम आणि बिशपच्या हाताखालच्या डायोसिसला धर्मप्रांत. ‘धर्मग्राम’ मला फार आवडतो कारण त्यात गाव आहे, म्हणजे रविवारी मिस्साला, म्हणजे उपासनेला, येऊन जाणारे लोक एवढंच नाही, आजारी कोण, मुलीचं लग्न कुणाचं, भांडण कुठे चाललंय हे सगळं त्यात येतं. पुण्यात वडगावशेरीला राहायला आल्यावर हे जास्त जाणवलं, इथे धर्मग्राम मोठा, बोलीभाषा चार, मिस्सा संपली की सगळे पार्किंगकडे. तिथे मग वाडीवाडीने छोटे समूह केलेत, पंधरा-वीस घरं मिळून कुणाच्या तरी घरी बायबल वाचायचं आणि शेजाऱ्याची अडचण विचारायची. माझ्या बघण्यात माणसं टिकतात ती तिथे. वाढ आधी टिकण्यात दिसते, मग संख्येत.

रास्तापेठकर:
काका, ‘भर’ बद्दल काय म्हणाल? आमच्या घरातल्या पवित्र शास्त्रात, कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात, पेंटेकॉस्टच्या म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसांची भर पडली असं आहे आणि त्या अध्यायाच्या शेवटी प्रभू रोज भर घालत होता असं येतं. मला हा शब्द आधी फार साधा वाटायचा, रांजणात पाण्याची भर घालतात तसा.

पिंपरीचे काका:
साधा आहे म्हणूनच ठेवा. त्या वाक्यात कर्ता कोण आहे बघा, भर घालणारा प्रभू आहे, मंडळी नाही. मंडळी काय करत होती ते आधीच्या ओळींत आहे, प्रेषितांचं शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं, प्रार्थना, आणि ज्याला गरज त्याला वाटून देणं. म्हणजे लोकांनी करायच्या गोष्टी वेगळ्या आणि संख्या वेगळी, दोन्हीचा कर्ता एक नाही. पौल तेच करिंथला सांगतो, मी लावलं, अपुल्लोसाने (त्याच्या सोबतच्या सेवकाने) पाणी घातलं, पण वाढवणारा देव. ‘सदस्यवृद्धी’ म्हटलं की कर्ता कमिटी होते, मग टार्गेट येतं, मग फॉर्म भरून घेणं येतं. माझा या शब्दाला विरोध आहे तो एवढ्यासाठी.

आणि कृत्यांचा सहावा अध्याय विसरू नका हो, मला तर तोच या विषयाचा गाभा वाटतो. मंडळी वाढल्यावर लगेच तक्रार आली की रोजच्या वाटपात हेल्लेणी म्हणजे ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. प्रेषितांनी ‘प्रार्थना करा, सगळं ठीक होईल’ असं सांगून वाटेला लावलं नाही, सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प, निकलाव, सगळी ग्रीक नावं. म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्यातलीच माणसं वाटपावर नेमली. आणि नंतर लगेच येतं की शिष्यांची संख्या फार वाढली, याजकांतलेही, म्हणजे यहुदी पुरोहितांतलेही, पुष्कळ जण आले. जेवणाच्या पंगतीतला अन्याय दूर झाला आणि मग वाढ झाली, हा क्रम मी तरुण संघात किती वेळा सांगितलाय.

शब्दवेडा सदाशिव:
हे मला माहीतच नव्हतं. मग उलटा क्रमही असतो का, म्हणजे आधी संख्या आणि नंतर आत्मिक?

केडगाववाली:
असतो, आणि उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, केडगाव. 1896-97 च्या दुष्काळात आणि पुन्हा 1900 च्या सुमाराला त्यांनी दुष्काळी भागांतून शेकडो मुली आणि विधवा आणल्या. त्या बायका काही विश्वास धरून आल्या नव्हत्या, भुकेमुळे आल्या, जगायला आल्या. संख्या आधी झाली. मग कितीतरी वर्षं अन्न, शाळा, विणकाम, छपाईचं काम, आणि 1905 च्या सुरुवातीपासून रमाबाईंनी प्रार्थनेचे गट सुरू केले, आणि त्याच वर्षी ते मोठं संजीवन झालं ज्याबद्दल परदेशातही लिहिलं गेलं. नंतर तिथल्या मुली टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगायला गेल्या. ‘संजीवन’ हा शब्द नक्की ठेवा ताई, जागृती म्हणजे झोपलेला उठला, संजीवन म्हणजे मेलेल्यात जीव आला, फरक आहे. पण आजकाल तीन दिवसांच्या प्रत्येक सभेच्या बॅनरवर संजीवन सभा लिहितात, त्याने शब्द पातळ होतो. संजीवन झालं की नाही हे सभेनंतर सहा महिन्यांनी घरातल्या बायकोला विचारावं, नवरा कसा वागतो ते.

पिंपरीचे काका:
अगदी खरं. आणि सभासद या शब्दाबद्दलही सांगतो. मॅकगॅव्हरन म्हणून मिशनरी होते, डोनाल्ड मॅकगॅव्हरन, जन्म 1897 चा, मध्य प्रदेशातल्या दमोहचा, वर्षानुवर्षं मध्य भारतात काम केलं. चर्च वाढतं कसं आणि थांबतं कसं याचा अभ्यास त्यांनी इथल्या अनुभवावरून सुरू केला आणि नंतर तो अमेरिकेत मोठा विषय झाला. त्यांनी वाढीचे तीन प्रकार केले, विश्वासणाऱ्यांच्या घरी मुलं होऊन होणारी, एका चर्चमधून दुसऱ्यात लोक गेल्याने होणारी, आणि नव्याने विश्वास ठेवल्याने होणारी. हे पुण्यात नीट समजून घ्यायला पाहिजे. पिंपरी-चिंचवडला कारखाने आले तसे नगर, जालना, श्रीरामपूरकडून लोक कामाला आले, येताना मूळ मंडळीचा दाखला घेऊन आले, इथली यादी फुगली आणि गावाकडची रिकामी झाली. त्याला ‘वाढ’ लिहू नका. ‘दाखल झालेले’ लिहा. आमच्या जुन्या रजिस्टरात हे वेगळं लिहायचे, बाप्तिस्मा झालेले वेगळे, दृढीकरण होऊन प्रभुभोजन घेणारे वेगळे, दाखल्यावर आलेले वेगळे. ते जास्त प्रामाणिक होतं. आलेल्यांना सांभाळणं हे मोठं काम आहेच, ते मी कमी लेखत नाही, परगावातून आलेल्या पोराला पहिल्या रविवारी कुणी जेवायला नेलं तर तो आयुष्यभर तिथला होतो.

मॅकगॅव्हरन यांचं एक मत मात्र मला पटत नाही. लोक आपल्या जातीचे, आपल्या भाषेचे असतील तर लवकर ख्रिस्ताकडे येतात, म्हणून समूह वेगळे ठेवले तरी चालतील असा त्यांचा रोख होता. लवकर येत असतीलही, पण महाराष्ट्रात याचा परिणाम काय होतो ते आपण सोयरिकीच्या वेळी बघतो. एका प्रभुभोजनाला बसतात आणि लग्नाचं निघालं की मूळ गाव विचारतात. तिथे यादी वाढली असं म्हणता येईल, उन्नती झाली असं मी म्हणणार नाही.

वसईचा:
आणि यादीत नसलेल्यांचं काय? ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी शेवटी शेवटी, 1917 ला, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही ख्रिस्तशिष्य बसवायचा त्यांचा विचार होता. सगळ्यांना ते पटलं नाही, आणि बाप्तिस्मा मी हलका करत नाही. पण दर नाताळला मागच्या बाकावर येऊन बसणारा माणूस आपला कोण, त्याला शब्द काय, हे लेखात आलं तर बरं.

रास्तापेठकर:
खूप खूप आभार सगळ्यांचे. शीर्षक मी असं करतेय, ‘मंडळीची उन्नती आणि प्रभूने घातलेली भर’. कृत्यांच्या नवव्या अध्यायात मंडळीला स्वस्थता मिळाली, तिची उन्नती झाली आणि ती वाढत गेली असं एकाच वाक्यात आहे, ते सुरुवातीला घेणार. दाखल्यावर आलेल्यांचा आकडा वेगळा लिहायला सेक्रेटरींना सांगितलंय, ते थोडे नाराज झाले कारण एकूण आकडा खाली येतो, पण पाळकसाहेब हो म्हणाले. आता एकच अडलंय, नव्या माणसाच्या घरी नंतर जाऊन विचारपूस करतात त्याला कमिटीत सगळे ‘फॉलोअप’ म्हणतात. ‘पाठपुरावा’ लिहिलं तर सरकारी अर्जाचा वाटतो.

केडगाववाली:
आमच्याकडे बायका ‘प्रार्थनेला जाऊन येऊ’ म्हणतात. चहा होतो, आजारपण कळतं, प्रार्थना होते. ‘घरभेट’ लिहा, सगळ्यांना समजेल.

पिंपरीचे काका:
घरभेटच. आणि मागच्या बाकावरच्या माणसाकडे पण जा.