बाबांच्या वहीतले आकडे कसले?

मीनल_परळ
बाबा १९८५ च्या आसपास महालक्ष्मीला सिनेमाच्या एडिटिंग रूममध्ये असिस्टंट होते. गेल्या वर्षी गेले. माळा आवरताना त्यांची लांबट वही सापडली. पानोपानी सीन, टेक आणि पुढे इंग्रजी अक्षरं-आकडे. काहींखाली लाल रेघ. त्यांच्या सोबतचं आता कुणी नाही. हे नंबर कसले असावेत?

दत्ता_लालबाग
मीनलताई, ते एज नंबर. अशा वह्या मीही भरल्यात. ३५ एमएम निगेटिव्हच्या कडेला दर फुटाला एक नंबर कंपनीतूनच आलेला असतो, फिल्म धुतली की दिसतो. रश प्रिंट, म्हणजे एडिटिंगसाठीची कामापुरती कॉपी, काढली की तोच तिच्यावरही उतरतो. फुटात १६ फ्रेम, मिनिटाला ९० फूट. कुठला टेक कुठल्या नंबरावर सुरू झाला नि कुठे संपला, ते बाबा लिहीत होते.

मुव्हिओला किंवा स्टीनबेक या एडिटिंगच्या मशीनवर कापाकापी चालायची ती रश प्रिंटची. ती टेपने जोडतात, टेप काढली की तुकडा जसाच्या तसा. एडिटर म्हणाले ‘शॉट चार फ्रेम वाढव’, की आम्ही बिनमध्ये, म्हणजे कापलेली फिल्म ठेवायच्या पेटीत, लटकणाऱ्या तुकड्यांतून त्या चार फ्रेम शोधायच्या. शेवटी याच नंबरांवरून मूळ निगेटिव्ह कापायची, पण तिचं तसं नाही. ती सिमेंटने, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रवाने, जोडतात. एका टोकावर दुसरं चढवावं लागतं, त्यात लगतची फ्रेम जाते. चुकीच्या जागी कात्री लागली तर ती परत येत नाही.

माझ्या हातून एकदा ३ चा ८ झाला होता. निगेटिव्ह कापणाऱ्या मावशींनी आधी प्रिंटशी ताडून पाहिलं म्हणून शॉट वाचला. रात्रभर डोळा लागला नाही.

लाल रेघ आमच्याकडे ओके टेकची.

सायली_कट
दत्ताकाका, मी २००३ ला आले तेव्हा एडिट अ‍ॅव्हिडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, व्हायचं, पण नंबर होतेच. कोडॅकने १९९० मध्ये त्यांच्याशेजारी बारकोड आणला, तो मशीन वाचायचं. शेवटी कुठल्या नंबरावर कापायचं त्याची यादी, कट-लिस्ट, निघायची आणि निगेटिव्ह हातमोजे घालून माणूसच कापायचं.

मीनल_परळ
काका, रेघ खरंच बहुतेक सीनमध्ये एकाच टेकखाली आहे! आणि बऱ्याच नंबरांपुढे पेन्सिलीने ‘पुन्हा बघ’, शेजारी निळ्या शाईची टिक.

दत्ता_लालबाग
म्हणजे बाबा दोनदा ताडायचे. वही पुन्हा माळ्यावर ठेवू नका ताई, पावसाळ्यात शाई फुटते. कपाटात ठेवा.