मदत हवी आहे: समुद्री टँकमधला एक मासा नव्या माशांना जगू देत नाही

सागरनिळा:
जरा लवकर उत्तर मिळालं तर बरं. खाऱ्या पाण्याचा टँक आहे, आतापर्यंत सगळं सुरळीत होतं. परवा दोन नवे मासे सोडले आणि तेव्हापासून जुना एक मासा हात धुवून त्यांच्या मागे लागलाय. एकाची शेपटी कुरतडून दोरे लोंबल्यासारखी झालीय, दुसरा हीटरच्या मागे उभा राहतो, खायलाही बाहेर येत नाही. दिवे बंद ठेवले की शांतता, सकाळी दिवा लागला की पुन्हा पाठलाग. काय करू? पाणी तपासलंय, ठीक आहे, त्यावर चर्चा नको.

मंदार_ठाणे:
टँक किती फुटी? मासे कोणते? "जुना एक मासा" यावरून काय सांगणार?

वर्षाराणी:
आमच्याकडे ऑस्कर होता, त्यानेही असाच धुमाकूळ घातला होता. मूठभर जाडं मीठ टाकायचं आणि थोडं पाणी बदलायचं. जखमाही भरतात.

मंदार_ठाणे:
ताई, ऑस्कर गोड्या पाण्यातला. यांच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ आधीच आहे.

सागरनिळा:
३ फुटी, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दोन क्लाउन, एक काळा डॅमसेल, नवे दोन फायरफिश. मारतोय तो डॅमसेल. आता सांगा.

रेवदंडा_बॉय:
काळा म्हणजे कसा? कपाळावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका आहे का? आणि "पाणी ठीक" म्हणजे किती? अमोनियाचा आकडा द्या. शेपटी अशी पाण्यामुळेही झडते.

सागरनिळा:
हो, तसेच ठिपके आहेत. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १० च्या आसपास, खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५. म्हटलं ना पाणी ठीक आहे म्हणून.

रेवदंडा_बॉय:
मग तो डॉमिनो. सायकलिंगसाठी, म्हणजे नव्या टँकमध्ये उपयोगी जिवाणू वाढावेत म्हणून, दुकानदाराने दिला असणार, "काटक आहे, मरत नाही" म्हणून.

सागरनिळा:
बरोबर, टँक लावला तेव्हापासून तोच आहे. क्लाउन नंतर आले. त्यांना तो काही करत नाही.

रेवदंडा_बॉय:
मग चित्र स्पष्ट आहे. पहिल्यापासून एकटा राहिल्यामुळे सगळा टँक त्याचा झालाय. क्लाउनही डॅमसेलच्याच कुळातले, ते उलटून अंगावर जातात, म्हणून ती जोडी वाचली. फायरफिश मात्र भिडत नाही, बिळात शिरतो आणि उपाशी मरतो. डॉमिनो लहान असताना नाण्याएवढा गोड दिसतो, पण १३-१४ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, आणि जसा वाढतो तसा तापट होतो. ३ फुटी टँकमध्ये त्याच्यासोबत फायरफिश नांदणार नाहीत. डॉमिनो काढा.

मस्कत_मिलिंद:
इतकं टोकाला जायची गरज नाही. काचेला बाहेरून आरसा लावा. तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत बसतो, तेवढ्यात नवे मासे रुळतात. माझ्या पावडर ब्लू टँगवर हा उपाय उत्तम चालला. इकडे ओमानमध्ये पोहताना डॉमिनोची पिल्लं क्लाउनच्याच ॲनिमोनमध्ये (समुद्रफुलात) खेळताना दिसतात, तेव्हा तो मुळात दुष्ट मासा नाही.

रेवदंडा_बॉय:
समुद्रात हरलेल्या माशाला पळायला जागा असते, इथे तीन फुटांवर काच येते. आणि टँग दिवसभर फिरून चरणारा मासा, त्याची चिडचिड नव्या माशाला सरावला की ओसरते. डॉमिनो ठरावीक कपार धरून बसतो, आरसा काढला की दुसऱ्या मिनिटाला पुन्हा तेच.

मंदार_ठाणे:
मधला मार्ग आहे. आधी सगळे दगड हलवून रचना बदला, म्हणजे त्याची हद्द मोडते. डॉमिनोला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात आठवडाभर टँकमध्येच कोंडा. तेवढ्यात फायरफिश आपापली बिळं धरतात. खाणं दिवसातून तीनदा, थोडं थोडं, टँकच्या दोन टोकांना एकदम द्या. माझ्या निळ्या डॅमसेलवर हे चाललंय.

रेवदंडा_बॉय:
निळा डॅमसेल बोटाएवढा राहतो हो. डॉमिनो त्याच्या दुप्पट होतो. आज जमल्यासारखं वाटेल, सहा महिन्यांनी हाच धागा वर येईल.

स्वाती_कोथरूड:
टँक घरात कुठल्या दिशेला आहे? ईशान्येला ठेवला की मासे शांत राहतात असं आमच्या ओळखीतल्यांचा अनुभव आहे.

जलतरंग:
फायरफिश दोन घेतलेत हे कोणाच्याच लक्षात आलं नाही का? जोडी नसेल तर ते एकमेकांनाही मारतात. शेपटी नक्की कोणी कुरतडली, डोळ्यांनी पाहिलंय का? काचेपासून लांब बसून अर्धा तास बघा. माणूस जवळ आला की मासे वेगळे वागतात. आणि टँकवर जाळी आहे का? घाबरलेला फायरफिश सरळ बाहेर उडी मारतो.

सागरनिळा:
लांबून पाहिलं. डॉमिनो डावीकडच्या कपारीतून बाणासारखा येतो, चावतो आणि परत आत जातो. फायरफिश एकमेकांच्या वाटेलाही जात नाहीत. आत्ता जुन्या मच्छरदाणीचा तुकडा वर ताणून लावलाय. दगड हलवणं शक्य नाही, त्यावर झोएंथस (प्रवाळासारखे जीव) पसरलेत. डॉमिनो काढायचं म्हटलं तरी पकडायचा कसा? जाळी दिसली की गायब होतो.

तात्या_मालवणी:
विकत कशाला आणतात मासे? आमच्या मालवणात पाण्यात डोकं घातलं की असले रंगीत मासे दिसतात. कोरलही आहे. या एकदा.

जलतरंग:
तात्या, बघायला जरूर येऊ, पण तिथून उचलून आणायचं नाही. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढलेला प्रवाळ घरात ठेवणं गुन्हा आहे. नवखे लोक हे धागे वाचतात, म्हणून लिहिलं.

मंदार_ठाणे:
पकडायला बाटलीचा सापळा. पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापायचा आणि उलटा आत बसवायचा. तोंड इतपत मोठं ठेवा की डॉमिनो सहज शिरेल. बुडाला सुईने भोकं पाडून दोरा बांधा, आत फ्रोझन मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) ठेवा. त्या दिवशी टँकमध्ये दुसरं काही खायला घालू नका. बाटली त्याच्या कपारीसमोरच आडवी ठेवा, आपल्या हद्दीत काय आलंय ते बघायला तोच पहिला शिरतो.

रेवदंडा_बॉय:
यावर मंदारशी सहमत. रिकामी बाटली आदल्या रात्रीच टँकमध्ये ठेवा, म्हणजे बुजणार नाही.

वर्षाराणी:
पकडला की समुद्रात सोडून द्या बिचाऱ्याला. मुंबईजवळ असाल तर सोपं आहे.

जलतरंग:
कृपा करून नको. टँकमधले रोग आणि परजीवी सोबत जातात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर लायनफिश असेच टँकमधून सुटले असं मानलं जातं. १९८५ मध्ये तिथे पहिला दिसला, आज सगळ्या कॅरिबियनमध्ये स्थानिक मासे फस्त करतायत. दुकानात परत द्या, नाहीतर मोठा टँक असलेला कोणी शोधा.

सागरनिळा:
सापडला! मंदार, रेवदंडा, खूप आभार. बाटलीत आधी क्लाउन शिरला, त्याला सोडून पुन्हा लावली, तेव्हा डॉमिनो आला. दुकानदार परत घ्यायला तयार आहे, तोवर सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) ठेवलाय. हीटरमागचा फायरफिश संध्याकाळी बाहेर येऊन चार मायसिस खाऊन गेला. शेपटीवाला अजून बिळातच आहे. त्याला औषध देऊ का? दुकानदार तांब्याचं औषध टँकमध्ये टाका म्हणतोय. आणि डॉमिनोची जागा रिकामी झाली, तर या रविवारी एक पिवळा टँग आणतोय.

रेवदंडा_बॉय:
तांबं मुख्य टँकमध्ये अजिबात नको, झोएंथस आणि गोगलगायी मरतील. पाणी स्वच्छ असेल तर शेपटी आपोआप भरते. रोज नीट बघत राहा, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले किंवा जखम कापसासारखी झाली तरच त्याला वेगळ्या टाकीत हलवा. त्याच्या बिळाजवळ ड्रॉपरने खाणं सोडा. आणि ३ फुटी टँकमध्ये टँग नको.

मस्कत_मिलिंद:
पिवळा टँग लहान असताना वर्षभर राहतो की तीन फुटांत. मी ठेवलाय.

रेवदंडा_बॉय:
वर्षभरानंतर काय केलंत?