स्वीडिश चर्चचं सभासदत्व नको आहे, पण पाळकबाईंना दुखवायचं नाही. मदत हवी आहे

सर्वांना सलाम. आम्ही मूळचे नगरचे, सहा वर्षांपासून गोथेनबर्गजवळ राहतो. घराजवळच्या स्वीडिश चर्चमध्ये (ल्यूथरन) रविवारी जातो. उपासनेला बारा-पंधरा डोकी, त्यात चार आमची, त्यामुळे आमची हजेरी लगेच डोळ्यांत भरते. गेल्या महिन्यात उपासनेनंतर कॉफी पिताना पाळकबाईंनी सभासदत्वाचा फॉर्म हातात दिला, वर पेनही पुढे केलं. 'घरी वाचतो' म्हणून सुटलो. तीन आठवडे फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली लटकतोय आणि मी कॉफीला न थांबता कोट चढवून सटकतोय.

नको का, ते सांगतो. सभासद झालं की करपात्र उत्पन्नाच्या साधारण एक टक्का फी करखातं कापून घेतं. चर्च २००० साली सरकारपासून वेगळं झालं, पण वसुली अजून करखात्याकडेच. एक टक्क्याचं दुखणं नाही, आमच्या घरी दशमांशाच्या (कमाईचा दहावा हिस्सा देवाला) बाबतीत बायको कडक आहे. पण आमच्या नगरच्या मंडळीत (चर्चमध्ये) हंगामाच्या सणाला वेदीपुढे भोपळे, कणसं, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, आणि उपासना संपली की लिलाव! आजोबांनी एकदा स्वतःच अर्पण केलेला भोपळा चढी बोली लावून घरी परत आणला होता. आजी महिनाभर ऐकवत होती. असं देणं बघत वाढलोय. आता माझं अर्पण करखात्याच्या वार्षिक हिशोबात एक ओळ होऊन यावं, हे मनाला पटत नाही.

दुसरं, इथे दर चार वर्षांनी चर्चची निवडणूक होते आणि तिला राजकीय पक्ष उभे राहतात. सोशल डेमोक्रॅट्स, सेंटर पार्टी, स्वीडन डेमोक्रॅट्ससुद्धा. आमच्याकडे पंचायतीच्या निवडणुकीत भाऊबंदकी काय कमी चालते? पण निदान पक्षाचं चिन्ह तरी नसतं.

शिवाय आमची नावं नगरच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीच्या वहीत अजून आहेत, वर्गणी भाऊ भरतो.

काही नातेवाइकांना वाटतं की पाळक बाई आहे, किंवा इथे २००९ पासून समलिंगी जोडप्यांची लग्नं चर्चमध्ये लागतात, म्हणून मी मागे सरतोय. अजिबात नाही. बाईंसारखं प्रवचन मी फार कमी ऐकलंय.

तर त्यांना हे कसं सांगू? करखात्याचं खरं कारण सांगितलं तर कंजूष वाटेन. आणि बायकोचा प्रश्न: उद्या आपल्यापैकी कोणी इथेच गेलं, तर माती कोण देणार?

---

थंडीतला_सोलापूरकर: आधी कोट काढा आणि कॉफीला बसा. १९५२ पासून इथे कुठल्याच चर्चचं सभासद नसणं कायद्याने चालतं, आणि आज सभासद निम्म्याहून जेमतेम जास्त आहेत. त्यांना 'नाही' ऐकायची सवय असते. बाप्तिस्मा झालेला आहे ना? मग प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घेता येतं, सभासद असा वा नसा.

मातीचं म्हणाल तर दफन-फी तुम्ही आत्ताही भरताय, ती सभासद नसलेल्यांनाही लागू असते. त्यात २५ वर्षं कबरीची जागा आणि धार्मिक चिन्हं नसलेला हॉल मिळतो. मात्र पाळकांनी चालवायचा अंत्यविधी मुळात सभासदांसाठी. खास कारण असेल तर अपवाद होतो, पण तो त्यांच्या हातात. त्यामुळे हा प्रश्न आत्ताच बाईंना विचारा, तेव्हा घरच्यांना नका विचारायला लावू.

मूळ धागाकर्ता: दफन-फीचं माहीतच नव्हतं, मागचे कागद काढून पाहिले तर खरंच दर वर्षी कापलीय. म्हणजे कबरीसाठी करखातं चालतं आणि अर्पणासाठी नाही, असं बायको आत्ताच हसत म्हणाली. रविवारी थांबतो. भोपळ्याची गोष्टच सांगून बघतो, स्वीडिशमध्ये लिलावाला काय म्हणतात ते कोणी सांगेल का?