मदत हवी आहे : इंटर्नना गाभण तपासणी कशी शिकवता?

मी सिंधुदुर्गात जनावरांची प्रॅक्टिस करतो. बी.व्ही.एस्सी.च्या (पशुवैद्यकीय पदवीच्या) वर्षभराच्या इंटर्नशिपमधली मुलं माझ्यासोबत फिरतात. हुशार आहेत, पुस्तक पाठ आहे, पण गोठ्यात हात चालत नाही. आपल्याकडे घरटी दोन-तीन जनावरं, त्यातही कोकण कपिला ही इथली देशी गाय अंगानं लहान. शिकाऊ मुलानं गुदमार्गातून हात घालून गर्भाशय चाचपडत राहिलं की गाय कुंथते, आतडं घट्ट आवळतं आणि बोटांना काहीच लागत नाही. शेतकरीही कंटाळतो, आणि एका गाईवर चौघांनी हात घालणं मला पटत नाही. दोन महिन्यांचा गाभ नेमका ओळखता येणं ही सरावाचीच गोष्ट आहे.

म्हणून आधी मॉडेलवर सराव द्यायचा विचार आहे. प्लास्टिकचा ड्रम, आत रबरी गर्भाशय असं कुणी स्वतः बनवलंय का? रबर कुठलं वापरलंत? अडलेल्या वासराचे पाय-डोकं सरळ करून घेण्याचा सराव कशावर देता? रत्नागिरी-रायगडकडच्या डॉक्टरांनी जरूर सांगा. फोटो असतील तर फारच बरं. पावसाळ्याआधी हे उभं करायचंय.