मदत हवी आहे: मॉम्स मॅब्लीचे सुरुवातीचे कार्यक्रम

अमेरिकी विनोदी कलाकार मॉम्स मॅब्लीवर मराठीत लेख लिहितेय. ढगळ झगा, चुरगळलेली टोपी, बोळकं तोंड. या म्हातारीच्या सोंगात एका कृष्णवर्णीय बाईने न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचं अपोलो थिएटर गाजवलं, वर्णद्वेषावर थेट सुनावलं. स्टँड-अपच्या इतिहासात तिला जेमतेम दोन ओळी मिळतात, हे फार खटकतं.

चेस रेकॉर्ड्स या कंपनीने काढलेल्या तिच्या तबकड्या ऐकल्या, अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्गचा तिच्यावरचा २०१३चा माहितीपट पाहिला. पण तबकड्या १९६०च्या दशकातल्या, तेव्हा तिची साठी उलटलेली. मला १९३०-४०च्या दशकांतली परीक्षणं हवीत. ‘जॅकी मॅब्ली’ या रंगमंचावरच्या जुन्या नावानेही शोधलं. ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे जुने अंक सशुल्क संग्रहात आहेत आणि मी कुठल्याही विद्यापीठाशी संलग्न नाही.

पुण्या-मुंबईत बाहेरच्या वाचकाला असा संग्रह बसून वाचू देणारं ग्रंथालय आहे का? की कृष्णवर्णीयांची तेव्हाची वृत्तपत्रं कुठे मोफत वाचता येतात?