मदत हवी आहे: कॉलनीच्या बागेत पाळीव कुत्रा नेता येतो का?

नमस्कार मंडळी, लातूरला राहतो. आमच्याकडं लॅब्रॅडॉर मादी आहे, तीन वर्षांची, रेबीजची आणि बाकीची लस वेळेवर, पट्टा कधीच सोडत नाही, घाण उचलायला पिशवी सोबत असतेच. कॉलनीतल्या ओपन स्पेसवर मनपानं बाग केलीय, तिथं सकाळी नेलं की काही आजोबा लोक म्हणतात कुत्रं आत आणायचं नाही, लेकरं खेळतात. त्यांची भीती मला पटते, चावायच्या बातम्या रोज येतात, पण गेटवर तसा बोर्ड कुठंच नाही. रस्त्यावर फिरवा म्हणतात तर मोकाट कुत्र्यांची टोळी अंगावर येते अन् उन्हाळ्यात नऊ वाजताच डांबर इतकं तापतं की पंजे भाजतात, म्हणून पहाटेचीच वेळ उरते आणि नेमकी तीच सगळ्यांच्या फिरायची.

बागेच्या कडेकडेनं नेऊन बघितलं, वेळ बदलून बघितली, तोंडाला बांधायचा जाळीचा मझल पण घेतला (त्यात धापा टाकता येतात), तरी वाद होतोच. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना दाखवल्या तर म्हणतात त्या सोसायटीसाठी आहेत, बाग मनपाची आहे.

मला भांडण नकोय, नियम काय ते लेखी पाहिजे. कुत्रीच्या लायसन्सचा अर्ज दिलाय. मराठवाड्यात कुणी मनपाकडून असं लेखी घेतलंय का, अर्ज उद्यान विभागाला करायचा की झोन ऑफिसला, आणि कुत्र्यांसाठी सकाळची वेगळी वेळ ठरवून मिळते का?